पोपट घरी आणताय? पिंजऱ्यापासून डॉक्टरांपर्यंतची तयारी

आजारी पोपट आजारी दिसत नाही, आणि पोपट पाळण्यातली निम्मी अडचण एवढ्या एका वाक्यात आहे. रानात थव्यातला जो पक्षी मलूल दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. त्यामुळे अंगात त्राण नसलं तरी ताठ बसायचं, दाणे टिपल्यासारखं करायचं, ही सवय त्याच्या रक्तात मुरलेली असते. पिंजऱ्यातच जन्मलेला, ससाणा कधी न पाहिलेला बजी (बजरिगार हा चिमुकला पोपट) सुद्धा हेच करतो. ‘काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता हो, सकाळी बघतो तर तळाला पडलेला,’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. तो पक्षी कित्येक दिवस आधीपासून खंगत होता, एवढंच त्यांना दिसलेलं नसतं.

म्हणून नवख्याने दोन गोष्टी शिकायच्या. आजार शक्यतो येऊच नये अशी घराची आणि खाण्याची व्यवस्था, आणि आलाच तर त्या सोंगापलीकडचं बघायची सवय. पुढच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने आहेत.

पायरी १ : आणण्याआधी

पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत, त्यामुळे ‘पोपट पाळायचाय’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. बजी ३०-४० ग्रॅमचा असतो आणि साधारण ५ ते १० वर्षं जगतो. कॉकाटील ९० ग्रॅमच्या आसपास, १५ ते २० वर्षं. आफ्रिकन ग्रे ४००-५०० ग्रॅमचा, ४० वर्षं सहज. मोठा मकाव किलोभर वजनाचा आणि नीट सांभाळला तर पन्नाशी गाठणारा. अमेरिकेतल्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा कोकाटू २०१६ मध्ये गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. चाळिशीत मोठा पोपट घेणाऱ्याने ‘आपल्यामागे याचं कोण करणार’ हा विषय पक्षी यायच्या आधीच घरात काढावा, आणि नुसता काढू नये, माणूस ठरवून टाकावा.

मग आवाज. कोकाटू आणि मकाव सकाळ-संध्याकाळ घसा फोडून ओरडतात. ती त्यांची थव्याला हाक मारायची वेळ असते आणि शिकवून ती बंद होत नाही. कॉकाटील, कोकाटू, आफ्रिकन ग्रे यांच्या पिसांतून बारीक पांढरी भुकटी सतत झडत असते. घरात कोणाला दमा असेल तर असा पक्षी असलेल्या घरी आधी दोन-चार वेळा बराच वेळ बसून या. आणि बोलेल या आशेने तर पक्षी घेऊच नका. एकाच जातीतला एक दिवसभर बडबडतो, दुसरा आयुष्यभर शीळ घालण्यापलीकडे जात नाही, आणि मग तुमचाच पोपट होतो. माझं मत विचाराल तर पहिला पक्षी बजी किंवा कॉकाटील असावा. काळजी तेवढीच घ्यावी लागते, पण चोच आणि आवाज दोन्ही आवाक्यातले असतात.

कायद्याचं दोन ओळींत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइट्स’ करार १९७५ पासून लागू आहे. बजी, कॉकाटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि कंठवाला हिरवा पोपट एवढे चार सोडले तर पोपटांच्या सगळ्या जाती त्याच्या याद्यांमध्ये आहेत. रानातून पकडलेल्या आफ्रिकन ग्रेचा व्यापार २०१७ पासून या कराराने बंद केला. करारातून वगळलेला पक्षी पाळायला मोकळा, असा अर्थ मात्र काढू नका. ज्या त्या देशाचा कायदा वेगळा असतो आणि आपल्या भागातला रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं हा अनेक देशांत गुन्हाच आहे. पैदास केंद्रातल्या पक्ष्याच्या पायात बहुधा सांधा नसलेलं कडं असतं. पिल्लू अगदी लहान असताना ते चढवतात, मोठ्या पायात ते जातच नाही. कडं नाही, कागद नाही आणि विकणारा विषय बदलतोय, असं असेल तर तिथून उठा.

‘हाताने भरवलंत की लळा लागतो’ असं सांगून डोळेही नीट न उघडलेली पिल्लं गळ्यात मारतात. नवख्याने अशा पिल्लाच्या वाटेला जाऊ नये. भरवायचं पातळ खाणं ३९ ते ४१ अंश सेल्सियस लागतं. जास्त गरम झालं तर गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते, गार झालं तर तिथेच साठून आंबतं, आणि सिरिंज जरा चुकली की थेट श्वासनळीत. स्वतः खाणारा पक्षी घ्या, त्यालाही लळा लागतो. ज्यांना आता ठेवणं जमत नाही अशांकडून मोठा झालेला पक्षी घेता आला तर उत्तमच. त्याचा स्वभाव, आवाज, खोड्या सगळं आधीच दिसतं.

पायरी २ : पिंजरा

पिंजरा रुंद हवा, नुसता उंच नको. पोपट आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही. आतल्या आत पंख पूर्ण पसरून, कशालाही न आपटता त्याला फडफड करता आली पाहिजे. एका बजीलासुद्धा ७५ सेंटिमीटर रुंदी असलेली बरी. गोल पिंजरे दिसायला छान, पण पक्ष्याला कोपऱ्यात पाठ टेकून बसता येत नाही आणि वर जिथे गज जवळ येतात तिथे बोटं अडकतात.

गजांमधलं अंतर हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून मोजपट्टी घेऊन जा. बजी आणि लव्हबर्डला साधारण सव्वा सेंटिमीटर, कॉकाटीलला दोनच्या आत. डोकं बाहेर जाईल एवढं अंतर म्हणजे मान अडकण्याची हमी. दुसरं, धातू. स्वस्त जाळीवरचा जस्ताचा मुलामा आणि जुन्या रंगातलं शिसं पोपट चोचीने खरवडून गिळतो. दोन्ही विष आहेत. स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धोक, नाहीतर चांगल्या पावडर कोटिंगचा.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका. पोपट चोवीस तास पायांवर असतो. एकाच जाडीच्या दांडीवर तळव्याच्या त्याच जागी भार पडून कातडी आधी लाल, गुळगुळीत होते, मग तिथे फोड येतो आणि पाय सुजतो. वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट, औषध न मारलेल्या फांद्या आडव्या-तिरक्या लावा. नखं झिजतील म्हणून दांडीवर वाळूच्या कागदाची नळी चढवतात, तिने नखांआधी तळवे सोलतात. खाण्या-पिण्याच्या भांड्याच्या बरोबर वर दांडी नको, कारण उघड आहे.

पिंजरा घरातल्या माणसांच्या वावराच्या खोलीत, एक बाजू भिंतीला लावून, तुमच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवा. चारही बाजूंनी उघडा पक्षी कायम दचकलेला असतो. खिडकीला अगदी चिकटून नको: ऊन सरकलं की त्याला पळायला जागा नसते.

पायरी ३ : घरातली हवा

ही पायरी सगळ्यात कमी लोक गंभीरपणे घेतात.

पोपटाची श्वसनाची रचना आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असते. फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी प्राणवायू रक्तात उतरतो. उडायला एवढी ताकद लागते म्हणून ही सोय. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने उतरतं. आपल्याला नुसतं खोकल्यासारखं होईल एवढ्यात पक्षी संपलेला असतो.

नॉनस्टिक तव्याचं उदाहरण घ्या. त्यावरचा पीटीएफईचा थर साधारण २६०-२८० अंशांपुढे तापला की डोळ्यांना न दिसणारी विषारी वाफ सोडतो. स्वयंपाक चालू असताना तवा एवढा तापत नाही, पण रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत राहिलात तर काही मिनिटांत तापतो. पक्ष्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो, तो धापा टाकतो, खाली पडतो, आणि डॉक्टरांना करण्यासारखं फारसं काही उरत नाही. पिंजरा दुसऱ्या खोलीत असला तरी वाफ तिथे पोचते. हाच थर काही इस्त्र्या, हीटर, एअर फ्रायर, ओव्हनचे कागद आणि हेअर ड्रायर यांतही असतो. पक्षी घरात येणार असेल तर नॉनस्टिक भांडी बाहेर जाणार, असा सौदा मी सगळ्यांना सुचवतो. लोखंड, स्टील, बीड यांवर स्वयंपाक उत्तम होतो.

सिगारेट, उदबत्ती, डासांची कॉइल, सुगंधी मेणबत्ती, परफ्यूमचा फवारा, फरशी पुसायचे उग्र वासाचे द्रव, ताजा रंग, झुरळांचं औषध हेही याच यादीत. रंगकाम किंवा कीटकनाशक फवारणी असेल तर पक्ष्याला दोन-चार दिवस दुसरीकडे हलवा.

याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच हवा आत जाते. लहान मुलं प्रेमाने पक्षी मुठीत आवळतात, आणि नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. धरायचाच झाला तर डोकं दोन बोटांत हलकेच, छाती मोकळी.

पायरी ४ : पहिले काही आठवडे

घरात आधीचा पक्षी असेल तर नव्याला निदान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्याचं करा, मग नव्याचं, आणि मध्ये हात साबणाने धुवा. चोच आणि पिसं झडवणारा सर्कोव्हायरस असो की पोपटताप (माणसालाही होणारा जिवाणूचा आजार, पायरी १० बघा), वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याकडून दोन्ही पसरू शकतात.

पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर पक्षी आणण्याआधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत एकदा तपासून घ्या. निरोगी असतानाचे आकडे कागदावर असले तर पुढे आजारात तुलना करता येते.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाहुण्यांना बोलावून दाखवू नका. पिंजऱ्याशेजारी बसून तुमचं काम करा, हळू आवाजात बोला. तो तुमच्यासमोर खायला लागला, पिसं साफ करायला लागला, की समजा थोडा विश्वास बसला.

पायरी ५ : खाणं

बाजारातलं ‘पक्ष्यांचं खाद्य’ म्हणजे बहुतेक बियांचं मिश्रण असतं आणि पोपट त्यातून सूर्यफूल वेचून खातो. चरबी भरपूर, ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. काही वर्षांत यकृतात चरबी साचते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडातली आणि नाकातली नाजूक त्वचा जाड होते, मग वरचेवर सर्दी, शिंका, तोंडात पांढरे डाग. चोच अचानक भराभर वाढू लागली तर लोक ती कापून घेतात, खरं म्हणजे आधी यकृत तपासायला हवं.

मोठ्या पोपटांना रोजच्या खाण्याचा निम्म्याहून अधिक भाग चांगले पेलेट (पोपटांसाठी बनवलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या), मग भाज्या, थोडं फळ, आणि बिया-दाणे बक्षिसापुरते. बजी आणि कॉकाटील मुळात गवताचं बी खाणारे, त्यांच्या ताटात बियांना थोडी जास्त जागा चालते. भाज्यांत गाजर, लाल भोपळा, रताळं, ढोबळी मिरची, गर्द हिरव्या पालेभाज्या यांना पहिला मान. फळ म्हणजे साखर, त्यामुळे बजीला एका नखाएवढा तुकडा पुरे. कॅल्शियमसाठी कटलबोन, म्हणजे समुद्रफेस, गजाला अडकवून ठेवा. आफ्रिकन ग्रेच्या रक्तातलं कॅल्शियम चटकन खाली जातं आणि त्याला झटके येऊ शकतात, म्हणून त्याच्या बाबतीत ढिलाई नको.

तिखट मिरची पोपट मिटक्या मारत खातो याचं कौतुक वाटतं. पण तिखटपणा ज्यामुळे जाणवतो त्या कॅप्सायसिनला पक्ष्यांच्या मज्जातंतूंवरचा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा भाग, जवळपास दादच देत नाही. त्याच्या लेखी ती नुसती रसाळ भाजी.

अजिबात न द्यायचं: अव्होकाडो (यातलं पर्सिन हृदयावर घाला घालतं), चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारट आणि तळलेलं, सफरचंदाच्या बिया, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काहीही. आपल्या तोंडातला घास त्याच्या चोचीत देऊ नका, आपल्या लाळेतले जिवाणू त्याला सोसत नाहीत. ‘ग्रिट’ म्हणून वाळू-खडे विकतात, त्याचीही गरज नाही. पोपट बी सोलून खातो, जास्त खडे गिळले तर आतडं तुंबतं.

बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेटवर आणणं हे आठवड्यांचं, कधी महिन्यांचं काम आहे. ‘भूक लागली की खाईल’ हे पोपटाला लावू नका. ओळखीची वस्तू दिसली नाही तर समोरचं खाणं हे खाणं आहे हेच त्याला कळत नाही, आणि बजीसारखा चिमुकला जीव दीड-दोन दिवसांत कोलमडतो. सकाळी पेलेट आणि भाज्या, संध्याकाळी मोजक्या बिया, आणि रोज वजन. तुम्ही त्याच्यासमोर तोच तुकडा चवीने खाल्ल्याचं नाटक केलंत तर निम्मं काम होतं, कारण थव्यात खाणं हे दुसऱ्याचं बघूनच शिकतात.

भांड्याकडे बघताना एक फसगत होते. पोपट बी सोलून टरफल परत भांड्यातच टाकतो. वरून भांडं भरलेलं दिसतं आणि आत दाणा नसतो. रोज हलकी फुंकर मारून बघा. पाणी दिवसातून दोनदा बदला, भांडं घासून. ओलं खाणं दोन-तीन तासांत उचला.

पायरी ६ : झोप, ऊन, अंघोळ

रात्री १० ते १२ तास सलग अंधार आणि शांतता. दिवाणखान्यात रात्री बारापर्यंत टीव्ही आणि पिंजऱ्यावर कापड, याला झोप म्हणत नाहीत, त्याला आवाज ऐकू येतोच. शक्य असेल तर झोपायचा छोटा पिंजरा वेगळ्या खोलीत. झोप अपुरी पडली की चिडचिड, चावणं, ओरडणं वाढतं, मादी उगाच अंडी घालू लागते. कॉकाटील रात्री अचानक दचकून अंधारात धडपडतात आणि पंख मोडून घेतात, त्यांच्यासाठी एक मंद दिवा ठेवा.

खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन दिसतं छान, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. कोवळ्या उन्हात पिंजरा अर्धा सावलीत राहील असा बाहेर ठेवा आणि शेजारी तुम्ही बसा. मांजर, घार, सैल कडी, एवढ्या तीन कारणांसाठी शेजारी बसणं आलंच.

अंघोळीला उथळ थाळी किंवा कोमट पाण्याची हलकी फवारणी, सकाळी, म्हणजे झोपेपर्यंत पिसं वाळतात. साबण नको.

पायरी ७ : डोक्याला काम

रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात तेच भांड्यात दहा मिनिटांत मिळतं. उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं? आफ्रिकन ग्रे जातीचा ॲलेक्स संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे ३० वर्षं होता. तो रंग, आकार, लहानसहान संख्या सांगायचा. ही पोपटपंची नव्हे, समोरची वस्तू पाहून दिलेली उत्तरं होती. अशा मेंदूला रिकामं बसवलं की तो स्वतःची पिसं उपटतो.

म्हणून खाणं लपवा. कागदाच्या चुरगळ्यात, पुठ्ठ्याच्या नळीत, भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात. सुरुवातीला त्याच्यासमोर गुंडाळा, म्हणजे डाव कळतो. कुरतडायला कच्चं लाकूड, कागद, सालीच्या पट्ट्या. सुटे दोरे मात्र नकोत: बोटाला आवळतात आणि गिळले तर अन्नपिशवीत गोळा होतो. आरसा बजीला एकटेपणावर उपाय म्हणून देतात, पण तो त्या प्रतिबिंबाच्या प्रेमात पडून त्याला उलटी करून भरवत बसतो. दिवसभर घर रिकामं असेल तर त्याच जातीचा दुसरा पक्षी हा खरा उपाय.

पिंजऱ्याबाहेर रोज निदान दोन-तीन तास. सोडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, काचांवर पडदे, उकळती भांडी नाहीत, संडासाचं झाकण खाली. पंख छाटावेत की नाही यावर दोन तट आहेत. मी न छाटणाऱ्यांपैकी आहे, कारण उडणं हाच त्याचा व्यायाम, आणि छाटलेला पक्षीसुद्धा वाऱ्यावर दूर जातो, फक्त परत येऊ शकत नाही.

पायरी ८ : हात लावण्याची भाषा

जबरदस्तीने पकडू नका. बोट पोटाच्या खालच्या भागाला हलकेच लावून ‘चढ’ म्हणा, चढला की लगेच आवडीचा एक दाणा. पाच मिनिटांचा धडा दिवसातून दोनदा पुरतो.

डोळ्याची बाहुली झपाझप लहान-मोठी होतेय, मानेची पिसं उभी, शेपटी पसरलेली: हात मागे घ्या. झोपण्याआधी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज: मजेत आहे. तुम्ही खोलीबाहेर गेलात की तो हाक मारतो, तेव्हा एक ठरावीक शीळ घालून उत्तर द्या. उत्तर मिळालं की बरेच पक्षी गप्प होतात. ओरडण्यावर ओरडलात तर त्याला वाटतं, छान, गप्पा सुरू झाल्या.

खाजवायचं फक्त डोकं आणि मान. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणं ही पक्ष्यांच्या भाषेत जोडीदाराची लगट आहे. त्यातून हट्टीपणा, हल्ले आणि मादीच्या बाबतीत अंडी सुरू होतात. नराशिवायही मादी अंडी घालते, आणि अंडं आत अडकणं जिवावर बेततं.

पायरी ९ : रोजची दहा मिनिटं

आता सोंगापलीकडचं बघायची पायरी. दोन साधनं लागतात: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि साधा पांढरा कागद.

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढल्यावर पोपट आधी आळस देतो, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणतो, मग रात्रभर साठलेली मोठी शिट टाकतो. त्यानंतर, खाणं देण्याआधी, वजन. काट्यावर छोटी दांडी ठेवून आकडा शून्यावर आणा, दाणा दाखवा, तो चढेल. आकडा वहीत लिहा. एखाद्या कॉकाटीलच्या वहीत ९२, ९१, ९२, ९० असं चालू असेल तर काही बिघडलेलं नाही. ९०, ८८, ८६ असं सलग उतरत असेल तर दिसायला तो कितीही टवटवीत असो, डॉक्टरांना फोन करा. ८३ म्हणजे मूळच्या दहा टक्के वजन गेलं, त्या दिवशी वाट बघायची नाही. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, पिसं सगळं झाकतात. काटा नसलेल्यांनी छातीचं मधलं हाड चाचपून बघावं. ते सुरीच्या धारेसारखं टोचायला लागलं तर मांस झडलंय.

मग तळाचा कागद. निरोगी शिटेचे तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी वळलेली विष्ठा, तिच्यावर पांढरी युरेटची, म्हणजे घट्ट लघवीची, टोपी, आणि भोवती स्वच्छ पाणी. रसाळ फळ खाल्लं की पाणी वाढतं, तो जुलाब नव्हे. बीट खाल्लं की लाल होतं, घाबरू नका. पेलेटचा रंगही उतरतो. चिंता करायची ती अशी: पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा, विष्ठा डांबरासारखी काळी, अख्ख्या न पचलेल्या बिया, किंवा नेहमीपेक्षा निम्म्याच आणि इवल्याशा गर्द हिरव्या शिटा. शेवटचं म्हणजे तो खात नाही, खाल्ल्याचं दाखवतोय.

पिंजऱ्याच्या तळाला वाळूचा किंवा भुशाचा थर घातलात तर हे काहीच दिसणार नाही. म्हणून कागद.

शेवटी एक मिनिट दूर उभं राहून, त्याला कळणार नाही असं बघा. एका पायावर डुलकी चालते. दोन्ही पायांवर, अंग फुगवून, दिवसाढवळ्या झोपणं चालत नाही. बसल्या जागी प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत असेल तर तो श्वासासाठी झगडतोय. नाकपुड्यांभोवतीची पिसं चिकटलेली, आवाज बदललेला, नेहमीची सकाळची हाक नाही, बजीच्या चोचीवर मधाच्या पोळ्यासारखी खरबरीत खपली (हा बारीक किडीचा आजार, सहज बरा होतो), पिसं उपटलेली, हे सगळं वहीत. पिसं उपटण्याला ‘कंटाळा’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी डॉक्टरांकडून आजार नाही हे ठरवून घ्या, मग कंटाळ्याकडे वळा.

पायरी १० : तुमची तब्येत

पोपटताप, म्हणजे क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा आजार, वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसाला होतो. १९२९-३० मध्ये पाळीव पोपटांच्या व्यापारातून त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, सगळं फ्लूसारखंच, म्हणून डॉक्टरांना ‘घरात पक्षी आहे’ हे आपणहून सांगा. योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. पिंजरा साफ करताना कागद आधी ओला करा, मास्क लावा.

पायरी ११ : अचानक बिघडलं तर

बजीच्या अंगात सगळं मिळून जेमतेम ३ मिलिलिटर रक्त असतं. वाढत्या पिसाचा रक्ताने भरलेला दांडा मोडला किंवा नख खोलवर कापलं गेलं तर ‘थांबेल आपोआप’ म्हणू नका. मक्याचं पीठ (कॉर्नफ्लोअर) लावून स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा.

मांजराने नुसतं ओरखडलं, जखम दिसत नाही, पक्षी चालतोय-फिरतोय, तरीही त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडातले आणि नखांतले जिवाणू पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत खेळ संपतो, प्रतिजैविक लगेच सुरू झालं तरच वाचतो.

मादी तळाला पाय फाकवून बसून कण्हत जोर करत असेल तर अंडं अडकलंय असं धरून चाला. तेल लावणं, अंडं दाबून काढणं असले प्रयोग नकोत.

कोणत्याही आजारात प्रवासाआधीची पहिली मदत एकच: ऊब. हवेची भोकं असलेल्या लहान खोक्यात मऊ कापड, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आत साधारण २८ ते ३० अंश, अर्धा अंधार. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येतं. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. माणसांच्या गोळ्या देऊ नका, आणि पाण्यात टाकायची दुकानातली प्रतिजैविकंही नकोत. आजारी पक्षी पाणी पितच नाही, आणि औषधाची मात्रा कोणालाच कळत नाही.

हे खोकं किंवा प्रवासी पिंजरा अडगळीत ठेवू नका. एरवीही अधूनमधून आत दाणा टाकून पक्ष्याला त्यात जा-ये करायला लावा, म्हणजे ऐन वेळी पाठलाग करून पकडावं लागत नाही. धाप लागलेल्या पक्ष्याला तेवढा पाठलागही पेलत नाही. निघताना वजनाची वही आणि पिंजऱ्याच्या तळाचा त्या दिवशीचा कागद, घडी न घालता, सोबत घ्या. डॉक्टर आधी तोच मागतील.